छाप्यानंतर

अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याला पोलिसांच्या बोलीत ‘पीटा’ म्हणतात. या १९५६ च्या कायद्यानुसार कुंटणखान्यावर छापा घालताना सोबत पंच लागतात आणि त्यांत किमान एक बाई असावी लागते. ती त्याच वस्तीतली असावी, अशी मात्र सक्ती नाही. त्यामुळे भलत्या वेळी फोन येतो तो बहुधा एखाद्या संस्थेच्या कार्यकर्तीला. तिने निघायचे, पण कुठे चाललो हे घरीही सांगायचे नाही. छाप्याची खबर फुटली की मुली पोटमाळ्यावर नाहीतर मागच्या खोलीत दडवल्या जातात.

पोलीस ठाण्यातला वेळ मोठा असतो. पंचनामा, वैद्यकीय तपासणी, कागद. ओढणीत तोंड लपवून बसलेल्या मुलीला घरवालीने, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने, आधीच पढवून ठेवलेले असते, की पोलीस मारतील आणि संस्थावाले कोंडून ठेवतील. नवख्या स्वयंसेविकेला तिथे पहिला प्रश्न सुचतो, ‘इथे कशी आलीस?’ अनुभवी बाई तो विचारत नाही. पाणी हवे का, बाथरूमला जायचे का, पाळी चालू आहे का, एवढेच विचारते. मग शेजारी बसून राहते. जबाब घेणे हे पोलिसांचे काम. तो महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा आणि ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या बाईसमोर घ्यायचा, असे कायदा सांगतो.

घरवालीचे बोलणे निव्वळ थाप नसते, ही यातली खरी अडचण. दंडाधिकारी चौकशीअंती बाईला एक ते तीन वर्षांसाठी संरक्षणगृहात पाठवू शकतात. सुटका झाली म्हणायचे आणि दाराला बाहेरून कुलूप! २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश दिला आणि त्यांना मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही, असे बजावले. अल्पवयीन मुलींची वाट वेगळी, ती बालकल्याण समितीकडे जाते. म्हणून वयाच्या पुराव्याला एवढे महत्त्व येते.

कोंडण्याची ही गोष्ट जुनी आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठे छापे पडले. सुमारे पाचशे मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांत दोनशेच्या आसपास नेपाळी होत्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला पुढे येईना. महिनोन् महिने त्या इथल्या सरकारी गृहांत अडकल्या. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी १२८ जणींना काठमांडूला नेले. त्यांतल्याच काहींनी ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. चरिमाया तामाङ, सुनीता दनुवार ही त्यांतली नावे. २०१३ मध्ये या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना कुणीच काही विचारले नव्हते, त्याच पुढे इतर बायकांना विचारू लागल्या.

विचारणे हाच या कामाचा गाभा. निवारागृहातली चांगली स्वयंसेविका दार वाजवल्याशिवाय खोलीत शिरत नाही. केसांना तेल लावू का, विचारते. दूरदर्शनवर काय लावायचे, तेही मुलींनाच ठरवू देते. ऐकायला फुटकळ वाटते. पण जिची गिऱ्हाइके, झोप आणि जेवणाची वेळसुद्धा दुसरे कुणी ठरवत होते, तिला ‘नको’ म्हणता येणे आणि ते ऐकले जाणे याला फार वेळ लागतो. मध्येच ती भांडते, ताट सारते, ‘मला परत जायचंय’ म्हणते. जिने तिला फसवून आणले त्या मावशीची आठवण काढून रडतेही. तेव्हा उपदेश सुरू करणारी ताई तिथे टिकत नाही.

मदतीचा ओघही विचित्र असतो. दिवाळीत फराळाचे डबे आणि साड्या येतात, भाषणेही होतात. फेब्रुवारीत दहावीचे बीजगणित शिकवायला मात्र माणूस सापडत नाही. शिलाई मशिने पुष्कळ मिळतात. शिलाईवर घर चालेल का, हा हिशेब दाते करत नाहीत.

या बायकांच्या मुलांसाठीचे काम आणखी वेगळे. १९८६ मध्ये मुंबईतल्या कामाठीपुऱ्यात प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी ‘प्रेरणा’ ही संस्था सुरू केली आणि दोनच वर्षांत रात्रीचे पाळणाघर उघडले. आई धंद्यावर असते त्या तासांत मूल जेवते, अभ्यास करते, झोपते. पुढची पिढी त्याच खोलीत ओढली जाऊ नये म्हणून केलेला इतका साधा उपाय आधी कुणाला सुचला नाही, हेच नवल.

छाप्याचा खटला उभा राहतो तेव्हा सुटका झालेली मुलगी बहुधा गावी परतलेली असते. तिला साक्षीसाठी आणायचे, तारीख पुढे गेली की पुन्हा समजूत घालायची. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, खटल्यात बालकाला साहाय्यक व्यक्ती मिळू शकते. ती साक्ष पढवत नाही. न्यायाधीश कुठे बसतात, आरोपी समोर दिसेल का, मध्येच थांबता येते का, हे आधी समजावते.

या कामात यायचे असेल तर दर आठवड्याचा एकच वार, दोन तास आणि निदान वर्षभराची तयारी घेऊन या. बंगाली, तेलुगू किंवा नेपाळी येत असेल तर तुमची गरज जास्त आहे. पोलीस पडताळणी होईल. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे, तेव्हा फोटो काढता येणार नाही आणि भेटलेल्या मुलीचे नाव घरी सांगता येणार नाही. हे जमणार नसेल तर बीजगणिताच्या शिक्षकाचे मानधन द्या, फराळ नको.