कांदा शिजताना

कांदा चिरला की पेशी फुटतात आणि ॲलीनेज हे विकर त्यातील गंधकयुक्त संयुगांवर काम सुरू करते. कच्च्या कांद्याचा झणझणीतपणा त्यातूनच येतो. अख्खा कांदा निखाऱ्यात भाजला, तर पेशी फुटण्याआधीच उष्णतेने विकर निकामी होते. म्हणून तो गोडसर लागतो. चिरून फोडणीला टाकलेल्या कांद्यात ही संयुगे आधीच तयार झालेली असतात, पण बरीचशी बाष्पनशील असल्याने परतताना उडून जातात.

क्वेर्सेटिन या फ्लेव्होनॉइडची गोष्ट वेगळी. ते उष्णतेला सहसा दाद देत नाही. मध्यम आचेवर परतल्यावरही त्याचा मोठा भाग टिकतो. उकळल्यावर मात्र ते पाण्यात उतरते. रस्सा खाल्ला तर ते पोटात जाते, पाणी ओतून दिले तर वाया. नुकसान सोलतानाही होते, कारण क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांत सर्वाधिक असते आणि सढळ हाताने सोलणारे नेमके तेच फेकतात. पांढऱ्या कांद्यात ते मुळातच नगण्य.

क जीवनसत्त्व उष्णता आणि पाणी दोन्हींपुढे हार मानते. अर्थात 100 ग्रॅम कच्च्या कांद्यात ते सात-आठ मिलिग्रॅमच असते. बिर्याणीवरच्या, काळपट होईपर्यंत तळलेल्या कांद्यात मात्र क्वेर्सेटिनही घटते.