फवारलेले औषध उतरते कसे?

मार्गशीर्ष अमावास्येस लातूर जिल्ह्यात व नांदेडच्या लगतच्या भागात वेळा अमावास्या, म्हणजे बोलीतील येळवस, साजरी होते. आंबील व भज्जी घेऊन कुटुंबे शेतात जातात. भज्जीत तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाल पडतात. नेमक्या याच सुमारास तूर शेंगांवर असते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी चालू असते. त्यामुळे शेंगेवरील औषध केव्हा उतरते, हा प्रश्न बाजारापुरता राहत नाही. तो घरच्या ताटाचाही आहे.

‘तीन दिवसांत निम्मे उतरते, तेव्हा सहा दिवसांत सगळे उतरेल,’ असा हिशेब पुष्कळ ठिकाणी केला जातो. तो चुकीचा होय. औषध रोज सारख्या मापाने घटत नाही. जेवढे शिल्लक असेल त्याच्या ठराविक हिश्शाने घटते. निम्मे होण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुकाल म्हणतात. समजा, तो ३ दिवस आहे व फवारणीनंतर शेंगेवर १६ भाग औषध आहे. तिसऱ्या दिवशी ८, सहाव्या दिवशी ४, नवव्या दिवशी २ व बाराव्या दिवशी १ भाग उरेल. पहिल्या तीन दिवसांत ८ भाग गेले, शेवटच्या तीन दिवसांत एकच! येळवशीच्या आठ दिवस आधी फवारणी केली असेल, तर सुमारे अडीच भाग भज्जीत जातील.

१ भाग ही सुरक्षित मर्यादा धरल्यास १२ दिवस थांबावे लागेल. मात्रा दुप्पट केल्यास ३२ भागांपासून आरंभ होऊन १५ दिवस लागतील. वेष्टनावरील प्रतीक्षाकाळ शिफारशीच्या मात्रेसाठीच असतो, हे येथे ध्यानात येईल.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. अर्धायुकाल प्रत्येक औषधाचा निराळा असतो. ऊन, पाऊस व पिकाची वाढ यांप्रमाणे तो बदलतो. वेष्टनावरील रंगीत त्रिकोणावरून तो कळत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग विषाची तीव्रता दाखवितात, टिकाऊपणा नव्हे. आंतरप्रवाही औषध शेंगेच्या आत भिनत असल्याने धुण्याचाही भरवसा धरू नये.

प्रतीक्षेचे दिवस वाळलेल्या तुरीच्या काढणीपर्यंत न मोजता ओल्या शेंगा तोडण्याच्या दिवसापर्यंत मोजावेत. तितका अवधी नसेल, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाची काही तासे घरासाठी बिनफवारणीची राखावीत आणि अळ्या हाताने वेचाव्यात.