डाळिंबाच्या सालीचे रसायन

डाळिंबाच्या एकूण वजनात साल आणि दाण्यांमधील पापुद्रे यांचा वाटा ढोबळमानाने ४० ते ५० टक्के भरतो, त्यामुळे सोलापूर, आटपाडी, मालेगाव अशा डाळिंबाच्या पट्ट्यांत जेथे जेथे या फळाचा रस काढला जातो तेथे तेथे सालींचा ढीग उरतोच. अतिसारावर हीच साल उगाळून किंवा उकळून देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिचा तोंड आवळणारा तुरटपणा टॅनिन या गटातील द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते.

प्रयोगशाळेत साल मंद उष्णतेवर वाळवून तिची पूड करतात आणि ती पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणात ढवळून अर्क काढतात. फोलिन-सिओकाल्टो नावाचे अभिकर्मक घातले की अर्क निळा होतो आणि निळाई जितकी गडद तितकी फिनॉल वर्गातील द्रव्ये अधिक, असे मानले जाते. ही चाचणी स्वस्त आणि सोयीची असली तरी तिच्यावर फार विसंबू नये, कारण क जीवनसत्त्वासारखी इतर द्रव्येही तिला निळे करतात आणि अर्कात नेमके काय आहे हे ती सांगतच नाही.

ते सांगते द्रव-क्रोमॅटोग्राफी. सूक्ष्म कणांनी गच्च भरलेल्या पोलादी नळीतून अर्क दाबाने ढकलला असता त्यातील घटक कमी-अधिक वेगाने पुढे सरकून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचा आलेखावर एक उंचवटा उमटतो. सालीतील प्रमुख द्रव्य प्युनिकॅलाजिन मात्र शुद्ध असूनही दोन उंचवटे देते. त्याच्या रेणूतील ग्लुकोज दोन रूपांत राहते आणि ती रूपे एकमेकांत बदलत असतात, हे ठाऊक नसलेल्याला तो नमुना भेसळीचाच वाटावा. याच्या रेणूचे वजन सुमारे १०८४. उष्णता किंवा आम्ल जास्त झाले की तो फुटतो आणि सुमारे ३०२ वजनाचे एलॅजिक आम्ल सुटे होते, म्हणून साल कशी वाळवली यावरही अहवालातील आकडे बदलतात.

बाजारातील अर्कांच्या डब्यांवर बहुधा एलॅजिक आम्लाचीच टक्केवारी छापलेली असते. हे आम्ल इतर, स्वस्त वनस्पतींतूनही मिळत असल्याने ते वरून मिसळून आकडा फुगवता येतो, आणि प्युनिकॅलाजिन जवळजवळ नसलेले ‘डाळिंब-अर्क’ विश्लेषणात सापडलेलेही आहेत. शिवाय एवढा मोठा रेणू आतड्यातून जसाच्या तसा फारसा शोषला जात नाही. तेथील जिवाणू त्याच्यापासून युरोलिथिन नावाची लहान द्रव्ये बनवतात, आणि तीही सर्वांच्या पोटात सारखी बनत नाहीत.

सालीचा वापर औषधासाठी करायचा तर आणखी एक तपासणी टाळता येत नाही. तेल्या रोगाला आवर घालण्यासाठी बागांवर बोर्डो मिश्रणासारखी तांबेयुक्त औषधे फवारली जातात आणि फवारा थेट सालीवरच बसतो, म्हणून टॅनिनच्या बरोबरीने तांब्याचे आणि कीडनाशकांच्या अवशेषांचे प्रमाणही मोजावे लागते.