टस्कनीची वेल, अकलूजची माती

बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे जाणारा जुना आग्रा रोड भिवंडीमार्गे नाशिकला पोचतो. त्यामुळे आम्हा ठाणेकरांच्या मनात वाईन म्हटले की नाशिक, हे समीकरण पक्के बसले आहे. त्यात चूक काहीच नाही. देशातल्या वाईनचा मोठा वाटा नाशिक जिल्ह्यात तयार होतो आणि 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही आहे. पण इटलीतल्या जुन्या घराण्यांची लाल वाईन ज्या द्राक्षापासून होते, त्या द्राक्षाने महाराष्ट्रात कसे मूळ धरले हे पाहायचे असेल, तर वाट बदलून सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला जायला हवे.

त्या द्राक्षाचे नाव सांजोवेझे. मध्य इटलीतल्या टस्कनी प्रांतातले हे मुख्य काळे द्राक्ष. फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधल्या टेकड्यांवर त्याची 'किआन्ती' वाईन होते. किआन्तीच्या सीमा १७१६ साली तिसऱ्या कोझिमो दे मेदिची या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने हुकूम काढून आखून दिल्या. शेतमालाला गावाचे नाव लावायचे, तर शिवार कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आधी ठरले पाहिजे, ही समज तिथे इतकी जुनी आहे.

याच टेकड्यांवर ब्रोलिओचा किल्ला आहे. रिकासोली घराणे ११४१ पासून तिथे नांदते आहे. या घराण्यातले बेत्तिनो रिकासोली एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. पण वाईनच्या जगात ते ओळखले जातात १८७२ सालच्या एका पत्रामुळे. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर त्यांनी त्यात किआन्तीचे मिश्रण मांडले: सुगंध आणि जोम सांजोवेझेचा, मार्दव कानायोलोचे, आणि लवकर प्यायच्या वाईनला हलकेपणा देण्यासाठी माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष. पुढे कायद्यानेच पांढरी द्राक्षे घालणे सक्तीचे केले. त्यातून वाईन पातळ होऊ लागली, तेव्हा नियम बदलले गेले. आज किआन्ती क्लासिको या मूळ पट्ट्यातल्या वाईनमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे लागते आणि पांढरी द्राक्षे वर्ज्य आहेत. घराण्याची परंपरा टिकते ती अशी, दर पिढीने तपासून घेतल्यामुळे.

माळशिरसच्या माळावर

या परंपरेचा धागा अकलूजपर्यंत आला तो 'फ्रातेल्ली' या कंपनीमुळे. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांनी मिळून ती उभी केली. त्यांना साथ मिळाली टस्कनीतले अनुभवी वाईनमेकर पिएरो मासी यांची. माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडी, गारवाड आणि निमगावच्या शिवारात वाईनच्या द्राक्षाच्या वेगवेगळ्या जाती लावल्या गेल्या. त्यात सांजोवेझे होतेच. सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून होणारी 'सेत्ते' ही या बागांची सर्वांत नावाजलेली लाल वाईन.

सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष नवे नाही. 'सोनाका' ही खाण्याच्या द्राक्षाची जात याच जिल्ह्यातल्या नान्नजची देणगी. पण खाण्याचे द्राक्ष आणि वाईनचे द्राक्ष यांचा हिशेब उलटा असतो. खाण्याचा मणी मोठा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा हवा. वाईनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा चालतो, कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा साल-बियांतूनच उतरतो. खाण्याच्या बागेत टनांवर लक्ष असते. वाईनच्या बागेत मोजकेच घड ठेवून बाकीचे काढून टाकावे लागतात. लागलेले घड हाताने खुडून टाकायला शेतकऱ्याचे मन सहजासहजी धजत नाही.

दोन छाटण्यांचे शास्त्र

टस्कनीत बर्फाळ थंडीत वेल झोपी जाते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून आपले बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधल्या खरड छाटणीने नवी काडी तयार होते. पावसाळा सरताना ऑक्टोबर छाटणी होते, तीतून घड येतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतात. या वेळापत्रकामुळे मणी कोरड्या हिवाळ्यात फुगतात, त्यांत पाणी उतरते आणि जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणी होते. छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की केवडा आणि हवा दमट-ढगाळ राहिली की भुरी, या रोगांची धास्ती मात्र नाशिकइतकीच अकलूजलाही असते.

मार्चचे ऊन वाढू लागले की मण्यातली साखर झपाट्याने चढते आणि आम्लता उतरते. सांजोवेझेचा मोठा गुण म्हणजे अंगचा आंबटपणा. तो हातचा जाण्याआधी तोडणी साधणे हेच इथले खरे कसब. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते. साखर हाताबाहेर गेली, तर वाईन जड आणि जळजळीत होते.

तोडणीनंतर मणी देठांपासून सुटे करून सालीसकट आंबवतात. फसफसताना साली वर येऊन थर धरतात; तो थर वारंवार रसात दाबून भिजवावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही. मग पिळून काढलेली वाईन गरजेनुसार ओकच्या पिंपात महिनोन्‌महिने मुरते. तिथे तिचा तुरटपणा मवाळ होतो.

ताटाशेजारी

सांजोवेझेची वाईन १६ ते १८ अंश तापमानाला द्यावी असे सांगतात. ठाण्याच्या दमट उकाड्यात त्यासाठी बाटली वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवणे योग्य. जहाल आगरी मसाल्याच्या मटणासोबत ती घेऊ नये. अल्कोहोल आणि तुरटपणा तिखटाची आग वाढवतात. टोमॅटोची आंबट चव, भाजलेले मांस किंवा मुरलेले चीज यांच्याशी तिचे चांगले जमते. आणि मद्य ते मद्यच. प्रमाण आणि कायदा दोन्ही पाळायलाच हवेत.

इटलीकडून आपण वेलींची कलमे आणली, तंत्रही आणले. आता तिथली जबाबदारीची रीतही आणायला हवी: आपल्या शिवाराचे नाव बाटलीवर लावायचे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या नावाला जागायचे. आपल्याकडचे अनेक शेतकरी वाईनरीला द्राक्षे पुरवतात, पण त्यांच्या गावाचे नाव लेबलवर क्वचितच झळकते. म्हणून वाईन घेणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे: पुढच्या वेळी बाटली उचलाल, तेव्हा किमतीच्या आधी द्राक्षाची जात, गाव आणि तोडणीचे वर्ष वाचा. लिहिलेले नसेल, तर दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक विचारू लागले, की लेबलवर गावही येईल आणि त्या गावच्या बागायतदाराच्या कष्टाला नावही मिळेल.