एका विनोदी नटीची मिळकत

रंगभूमीवरील नटाचें कार्य पडदा पडतांच संपतें. मागें उरते ती केवळ प्रेक्षकांची आठवण. टेलिव्हिजनचीहि प्रारंभींची स्थिति बहुतांशीं अशीच होती. कार्यक्रम घडत असतांनाच तो घरोघर दिसे आणि संपला कीं नाहींसा होई. ही स्थिति पालटण्यांत ल्यूसिल बॉल या अमेरिकन नटीचा मोठा वांटा आहे.

तिचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील जेम्सटाउन या गांवीं झाला. १९३३ सालीं हॉलिवुडला आल्यावर तिनें प्रथम समूहांतील किरकोळ कामें केलीं. पुढें आर. के. ओ. आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थांत तिला भूमिका मिळाल्या. तथापि पहिल्या प्रतीच्या तारकांत तिची गणना झाली नाहीं. तिच्या विनोदाची खरी पारख केली ती रेडिओनें. १९४८ ते १९५१ या काळांत 'माय फेव्हरिट हजबंड' ही तिची श्रुतिकामाला सी. बी. एस. वरून ध्वनिक्षेपित होत असे. समोर प्रेक्षक बसलेले असले म्हणजे तिचा अभिनय अधिक खुलतो, हें तेथेंच ध्यानांत आलें.

ही माला टेलिव्हिजनवर आणावयाची ठरली, तेव्हां पतीची भूमिका आपल्या खऱ्या पतीलाच मिळावी, असा आग्रह तिनें धरला. तिचे पति देसी आर्नाझ हे क्यूबांत जन्मलेले गायक. त्यांचे परदेशी उच्चार लोकांस रुचणार नाहींत, अशी चालकांना भीति होती. तेव्हां १९५० सालीं या जोडप्यानें गांवोगांव रंगमंचावर प्रयोग करून लोकांचाच कौल घेतला.

दुसरा वाद स्थळाचा होता. त्या काळीं बरेचसे कार्यक्रम न्यूयॉर्क शहरांतून होत. दूरच्या केंद्रांसाठीं चित्रनलिकेसमोर कॅमेरा ठेवून त्यांची नक्कल घेत. ती धूसर येई. जोडप्याला हॉलिवुड सोडावयाचें नव्हतें आणि खर्च सोसणाऱ्या सिगारेट कंपनीला पूर्वेकडील प्रेक्षकांस धूसर चित्र दाखवावयाचें नव्हतें. अखेर तोड निघाली ती अशी : प्रेक्षकांसमोर नाटकाप्रमाणें प्रयोग करावा आणि तीन कॅमेऱ्यांनीं तो एकाच वेळीं ३५ मिलिमीटर फिल्मवर टिपावा. तिन्ही कोनांतून चित्र स्वच्छ यावें अशी प्रकाशयोजना 'मेट्रोपोलिस' या जर्मन चित्रपटाचे छायालेखक कार्ल फ्रॉइंट यांनीं केली. यानें खर्च वाढला. तेव्हां दोघांनीं वेतनांत घट पत्करली आणि मोबदल्यांत फिल्मांची मालकी मागून घेतली. जुना कार्यक्रम पुन्हां कोणी पाहील, असें तेव्हां फारसें कोणास वाटत नव्हतें.

'आय लव्ह ल्यूसी' ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं सुरू झाली. १९ जानेवारी १९५३ रोजीं तींतील नायिकेच्या प्रसूतीचा भाग दाखविला गेला आणि त्याच दिवशीं ल्यूसिलला खराच पुत्र झाला. पुढें सी. बी. एस. नेंच त्या फिल्मा मोठी किंमत देऊन विकत घेतल्या. ज्या आर. के. ओ. च्या आवारांत ती एके काळीं पगारी नटी होती, तें आवार १९५७ सालीं या दांपत्याच्या 'डेसिलू' संस्थेच्या मालकीचें झालें.

संसार मात्र टिकला नाहीं. १९६० सालीं घटस्फोट झाला. १९६२ सालीं पतीचा हिस्सा विकत घेऊन ती संस्थेची अध्यक्षा झाली आणि १९६७ सालीं संस्था विकीपर्यंत तिनें तो कारभार पाहिला. २६ एप्रिल १९८९ रोजीं ती निवर्तली. जुन्या मालिका पुनःपुन्हां दाखविण्याची प्रथा आज सर्वत्र रूढ आहे. ती रुजविण्यांत, वेतन कमी करून राखलेल्या त्या फिल्मांचा वांटा थोडाथोडका नाहीं.