विमानोड्डाणाचा आभास आणि हेडसेटची निवड

प्रत्यक्ष आकाशात न जाता विमान चालविण्याचा अनुभव देणाऱ्या साधनांना आता जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये सिद्ध केलेल्या यंत्रात वाद्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या भात्यांच्या योगाने एक लहानसे विमानसदृश खोके हलत असे. पुढे १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बांधावयाचा चित्रदर्शक विद्वानांपुढे मांडला. पण तो छतापासून टांगावा लागे. १९७९ मध्ये ब्रूस आर्टविक यांनी घरगुती संगणकावर उड्डाणाचा खेळ आणला. हे तीनही प्रवाह एकत्र येण्यास मात्र विसाव्या शतकानंतरची वाट पाहावी लागली. सर्वसामान्य ग्राहकास परवडेल असा ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट २०१६ मध्ये विक्रीस आला. एक्स-प्लेन या सिम्युलेटरने २०१८ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरने २०२० च्या अखेरीस हेडसेटची सोय केली. २०२१ मध्ये युरोपीय विमानसुरक्षा संस्थेने रॉबिन्सन आर-२२ या हेलिकॉप्टरच्या हेडसेटयुक्त प्रशिक्षणसाधनास अधिकृत मान्यता दिली. या विषयाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे यापुढे शक्य नाही.

प्रथम संज्ञेविषयी दोन शब्द. या उपकरणास ‘शिरोधार्य दर्शक’ असे नाव सुचण्यासारखे आहे. परंतु मराठीत ‘शिरोधार्य’ म्हणजे आदराने मान्य केलेले, आणि विक्रेत्याचे प्रत्येक विधान शिरोधार्य मानणे हेच तर येथे टाळावयाचे आहे. म्हणून लोकांच्या तोंडी रुळलेला ‘हेडसेट’ हाच शब्द येथे वापरला आहे. संज्ञांचा हा प्रश्न वरवरचा नाही. हेडसेटच्या जाहिरातींत जे शब्द येतात, त्यांचा ग्राहक लावतो तो अर्थ आणि उपकरणाचे वास्तव गुण यांत मोठे अंतर असते, आणि त्या अंतराची किंमत ग्राहकासच मोजावी लागते.

पहिला शब्द ‘रिझोल्युशन’. एका डोळ्यासाठी पडद्यावर किती चित्रबिंदू आहेत, ही संख्या त्यातून कळते. तथापि वैमानिकास उपयोगी पडते ती संख्या निराळी आहे. दृष्टीच्या एका अंशात किती बिंदू पडतात, हे त्याला पाहावयाचे असते. निकोप डोळ्यास एका अंशात साठ बिंदूंपर्यंतचा भेद जाणवतो, असे सामान्यतः मानले जाते. २०१६ च्या रिफ्टमध्ये हे प्रमाण सुमारे १२ होते. उत्पादकांच्या आकड्यांनुसार, २०२३ मध्ये आलेल्या मेटा क्वेस्ट ३ मध्ये ते २५ आणि २०२४ मधील पिमॅक्स क्रिस्टल लाइटमध्ये ३५ आहे.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. छोट्या विमानातील उंचीमापकाची तबकडी सुमारे ८० मिलिमीटर व्यासाची असते आणि ती चालकाच्या डोळ्यांपासून साधारणतः ७० सेंटिमीटरवर असते. म्हणजे ती दृष्टीचे साडेसहा अंश व्यापते. तिच्यावरील ६ मिलिमीटर उंचीचा अंक मात्र जेमतेम अर्धा अंश व्यापतो. त्या अंकाच्या वाट्यास १२ च्या प्रमाणात सहा, २५ च्या प्रमाणात बारा आणि ३५ च्या प्रमाणात सतरा बिंदू येतात. रोमन लिपीतील अक्षर वा अंक ओळखू येण्यास पाच बाय सात बिंदूंची चौकट हे जुने आणि परिचित किमान माप आहे. शिरोरेषेच्या वर आणि खाली चिन्हे वागविणाऱ्या देवनागरीस ते पुरणार नाही. परंतु विमानातील लेखन बहुधा रोमन मोठ्या अक्षरांतच असते. सहा बिंदूंत अंक वाचता येत नाही, त्याचा तर्क करावा लागतो. बारा बिंदूंत तो वाचता येतो. सतरा बिंदूंत तो सहज वाचता येतो. पहिल्या पिढीतील हेडसेट वापरणारे लोक उपकरण वाचण्यासाठी पुढे का वाकत, याचे कारण यातच आहे. अन्य खेळांत वस्तू चालत जवळ येतात. उड्डाणात मात्र लहान अक्षरे जवळ आणि धावपट्टी दूर, अशी दोन्ही एकदम वाचावयाची असतात. म्हणून वाचनीयता हा या निवडीचा पहिला निकष होय.

दुसरा शब्द ‘दृष्टिक्षेत्र’. ते जितके मोठे तितके चांगले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन हजार बिंदू ८० अंशांवर पसरले तर अंशास सरासरी २५ येतात, आणि तेच ११० अंशांवर पसरले तर १८. रुंदी आणि सुस्पष्टता यांची अशी ओढाताण असते. मान वळवून रुंदीची उणीव काही अंशी भरून काढता येते. वाचनीयतेची उणीव तशी भरून निघत नाही. भिंगांचा विचारही येथेच केला पाहिजे. ज्या भिंगातून केवळ मध्यभाग स्वच्छ दिसतो, त्यातून पाहताना प्रत्येक उपकरणाकडे डोळा नव्हे तर डोके वळवावे लागते.

तिसरी गोष्ट जाहिरातीत नसते, ती संगणकाच्या सामर्थ्याची. क्वेस्ट ३ च्या दोन्ही पडद्यांवर मिळून सुमारे ९१ लाख बिंदू आहेत, क्रिस्टल लाइटवर सुमारे १ कोटी ६६ लाख. सेकंदास ९० चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक चित्रास अवघे ११ सहस्रांश सेकंद मिळतात. विस्तीर्ण भूभाग आणि ढग रंगविणाऱ्या सिम्युलेटरला हे काम जड जाते. दुर्बळ संगणकाला उत्तम हेडसेट जोडला, तर चित्राची प्रत उतरवावी लागते आणि ज्या बिंदूंसाठी पैसे दिले ते वाया जातात. चित्रे अडखळत आली की आणखी एक अनर्थ होतो. डोळा गती सांगतो, अंतर्कर्णातील समतोलेंद्रिय स्थैर्य सांगते. या विसंवादाने अनेकांस मळमळ होते, आणि चित्रातील विलंब तीत भर घालतो. नवख्याने आरंभी दहा-पंधरा मिनिटे सरळ उड्डाण करावे आणि अस्वस्थता वाटताच थांबावे.

शरीराचा प्रश्नही गौण नाही. उड्डाण तासन्‌तास चालते. क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम, क्रिस्टल लाइटचे सुमारे आठशे. उलट २०२३ च्या बिगस्क्रीन बियॉन्डचे केवळ १२७ ग्रॅम, पण त्यास खोलीत स्वतंत्र संकेतस्तंभ लावावे लागतात. दोन बाहुल्यांमधील अंतर, जे प्रौढांत सरासरीने ६३ मिलिमीटर असते, ते प्रत्येकाने चष्म्याच्या दुकानात मोजून घ्यावे आणि हेडसेटच्या मर्यादेशी ताडून पाहावे. शिवाय हेडसेट चढविल्यावर कळफलक दिसत नाही. स्पर्शाने ओळखू येईल असे सुकाणू हाताशी नसेल, तर उत्तम चित्रही व्यर्थ होय.

शेवटचा निकष परावलंबनाचा आहे, आणि तो सर्वांत कमी विचारात घेतला जातो. २०२० मध्ये आलेला एचपी रिव्हर्ब जी-२ हा उड्डाणप्रेमी मंडळींचा आवडता हेडसेट होता. तो मायक्रोसॉफ्टच्या ज्या प्रणालीवर चाले, ती प्रणाली मागे घेण्याची घोषणा २०२३ च्या अखेरीस झाली, आणि २०२४ मधील विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून ती वगळण्यात आली. पडदे शाबूत, भिंगे निर्दोष, आणि तरीही उत्पादकाच्या आधारावाचून उपकरण निराधार, अशी अवस्था चार वर्षांच्या आत ओढवली. ज्याने वर्षभराची बचत अशा वस्तूत घातली असेल, त्याच्या दृष्टीने ही तांत्रिक टीप नव्हे, नुकसान आहे.

सारांश, निवडीचा क्रम जाहिरातीच्या क्रमाहून उलटा असावा. आधी आपला संगणक किती बिंदू पेलू शकेल ते ठरवावे. मग डोळ्यांतील अंतर, चष्मा आणि वजन पाहावे. त्यानंतर अंशामागील बिंदूंची तुलना करावी. आणि उपकरण कोणत्या प्रणालीवर, कोणाच्या मर्जीवर चालते, हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत. शक्य असेल तेथे हेडसेट प्रत्यक्ष डोक्यावर चढवून उंचीमापकाचे अंक वाचून पाहावेत. ते वाचता आले तर बाकीच्या विशेषणांचा विचार करावा. वाचता आले नाहीत, तर त्या विशेषणांचे काहीच प्रयोजन उरत नाही.