बाहेरून न पाहता भूमिती

पदव्युत्तर वर्गात ‘स्मूद मॅनिफोल्ड’ हा विषय सुरू झाला की विद्यार्थ्याच्या पायाखालचा आलेखाचा कागद काढून घेतला जातो. तोवरचं सगळं कॅल्क्युलस ठरलेल्या अक्षांवर चाललेलं असतं. आता अक्ष तात्पुरते, आणि जे सिद्ध करायचं ते कुठलेही अक्ष घेतले तरी खरं ठरायला हवं.

या विचाराची सुरुवात गॉसपासून झाली. हॅनोवरच्या जमीनमोजणीत वर्षं घालवलेल्या गॉसने 1827 साली दाखवलं की पृष्ठभागाची वक्रता त्यावरच राहून, केवळ अंतरं मोजून ठरवता येते. 10 जून 1854 रोजी ग्यॉटिंगेनमध्ये त्याच्यासमोर दिलेल्या व्याख्यानात रीमानने हा विचार कितीही मितींपर्यंत नेला. रीमानने सुचवलेल्या तीन विषयांपैकी हा तिसरा गॉसनेच निवडला होता. मॅनिफोल्डच्या काटेकोर व्याख्येला मात्र पुढे बराच काळ लागला. वाइल (1913), वेब्लेन आणि व्हाइटहेड (1932), व्हिटनी (1936) यांच्या हातून ती घडत गेली.

व्याख्येचा गाभा नकाशांच्या जुळणीत आहे. अख्खा गोल एका नकाशात मावत नाही, म्हणून एक नकाशा उत्तर ध्रुवावरून प्रक्षेपण करून काढायचा, दुसरा दक्षिण ध्रुवावरून. पहिल्यात केंद्रापासून r अंतरावर असलेला बिंदू दुसऱ्यात त्याच दिशेला 1/r अंतरावर येतो. ध्रुव सोडले की हा बदल हवा तितक्या वेळा डिफरन्शिएट करता येतो, म्हणून दोन्ही नकाशे एकत्र नांदतात.

न जुळणारे नकाशेही पाहायला हवेत. सरळ रेषेवर x ऐवजी x³ हा अंक लिहिला, तर तो एकटा नकाशा निर्दोष आहे. पण नेहमीच्या नकाशाकडे परत येताना घनमूळ घ्यावं लागतं, आणि शून्यापाशी घनमूळाला डेरिव्हेटिव्ह नाही. म्हणजे एकाच रेषेवर दोन वेगळ्या स्मूद रचना (आपसात जुळणाऱ्या नकाशांचे संच) झाल्या! तरी घनमूळाचंच फलन पहिल्या रेषेवरून दुसरीवर नेलं, तर नकाशांत ते x ला x कडेच पाठवतं. म्हणून दोन्ही रेषा समतुल्य ठरतात. हे उदाहरण स्वतःच्या हाताने सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खरी कसोटी स्पर्शसदिशाची. स्पर्शिका काढायला बाहेरची जागाच नसेल, तर सदिश म्हणायचं कशाला? उत्तर सुंदर आहे: बिंदूपाशी प्रत्येक फलनाला एक संख्या देणारी, गुणाकाराचा नियम पाळणारी रेषीय क्रिया, तोच सदिश. जॉन ली यांचं 2003 सालचं पाठ्यपुस्तक ही व्याख्या सावकाश, धीराने उलगडतं. वर्गात मात्र बरेचदा ती घाईत उरकली जाते, याचं वाईट वाटतं.

एवढी अमूर्तता कशाला, असं कुणी विचारेल. कारण व्हिटनीनेच 1944 मध्ये सिद्ध केलं की n मितींचा कुठलाही मॅनिफोल्ड 2n मितींच्या सपाट जागेत बसतो. पण तो तिथे अनेक तऱ्हांनी बसू शकतो, आणि त्यातली कुठलीही तऱ्हा त्याची स्वतःची नसते. सापेक्षतावादातलं विश्व तर कशाच्या आत आहे असं गृहीतच धरलेलं नाही.

रेषेच्या बाबतीत समतुल्यतेचा प्रश्न सहज सुटला. वरच्या मितींत तो बिकट होतो. 1956 साली मिल्नरने सात मितींचे असे गोल दाखवले, जे आकाराने गोलच, पण स्मूद रचनेत नेहमीच्या गोलाहून खरोखर वेगळे. केर्व्हेअर आणि मिल्नर यांनी 1963 मध्ये दिशा धरून अशा रचना मोजल्या. नेहमीची धरून 28 भरल्या. 1960 साली केर्व्हेअरने दहा मितींचा असा मॅनिफोल्डही दिला, ज्यावर एकही स्मूद रचना बसत नाही. सपाट जागेवर चार सोडून इतर प्रत्येक मितीत एकच रचना आहे. चारमध्ये मात्र अगणित, हे फ्रीडमन आणि डोनाल्डसन यांच्या 1980 च्या दशकातल्या कामातून पुढे आलं. चार मितींच्या गोलावर नेहमीच्या रचनेखेरीज दुसरी आहे की नाही, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.